खतावणीची किल्ली कुणाकडे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे दीड हजाराची. २०२५ च्या अखेरीस जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासल्या जात असताना या एका ग्रामपंचायतीच्या नावावर अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म नोंदलेले आढळले. ज्यांची नावे नोंदली गेली होती त्यांचा शेंदुरसनीशी काडीचाही संबंध नव्हता. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तपासासाठी विशेष पथक नेमले गेले आणि बातमी देशभर गाजली.

गाजली ती राजकीय अंगाने. तिचे दुसरे अंग मात्र ज्याच्या दुकानात, अडतीत, जिनिंगमध्ये किंवा सोसायटीत संगणकावर हिशेब चालतो त्या प्रत्येकाने नीट पाहावे असे आहे. या नोंदी करण्यासाठी कुणी ग्रामपंचायतीचे कुलूप तोडले नाही की कपाट फोडले नाही. संगणकही बिघडला नव्हता. ज्या नावाने आत शिरायचे त्या नावाने कुणी तरी आत शिरत राहिले, प्रणाली प्रत्येक नोंद मुकाट्याने घेत राहिली आणि तीन महिने ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

व्यवसायासाठी सॉफ्टवेअर घेताना आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. केवढ्याला पडते? आणि आमच्या पोराला जमेल का? दोन्ही रास्त आहेत. पण हिशेबाची वही एकदा दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये गेली की तिची किल्ली कुणाकडे राहते, आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे ठरवले तर आपली खतावणी आपल्याला परत कशी मिळते, हे बहुतेकजण विचारत नाहीत. व्हायरसची भीती सगळ्यांना असते. माझ्या मते जिल्ह्याच्या बाजारपेठेत खरे नुकसान त्याहून साध्या कारणांनी होते, आणि त्यातली बरीचशी कारणे सौदा ठरण्याआधीच ओळखता येतात.

काट्यापासून चुकाऱ्यापर्यंत

पहिला धोका सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित. घेतलेले सॉफ्टवेअर आपल्या धंद्यासाठी बनलेलेच नसते.

जिनिंगचे उदाहरण घेऊ, कारण वणीपासून उमरखेडपर्यंत या जिल्ह्याचा हंगाम कापसावर उभा आहे. फाटकातून कापसाची गाडी आत येते ती आधी वजनकाट्यावर. भरल्या गाडीचे वजन होते, गाडी रिकामी झाली की पुन्हा वजन होते, मधला फरक तो कापूस. काटापट्टीवर गाडीचा नंबर, शेतकऱ्याचे नाव, गाव, ओलावा आणि भाव चढतो. काटापट्टीवरून खरेदीची पावती होते आणि पावतीवरून चुकारा. इथवर सरळ आहे. पुढे त्या कापसाची रुई आणि सरकी होते, थोडी तूट जाते. रुईची साधारण १७० किलोची गाठ बांधतात, पण बाजारात रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो. म्हणजे एकच माल आत येताना क्विंटलमध्ये मोजायचा, गोदामात असताना गाठींमध्ये आणि विकताना खंडीमध्ये. मालकाला रोज संध्याकाळी हवा असतो तो एक आकडा, आज रुईचा उतारा किती पडला?

मोठ्या शहरात किराणा, कापड किंवा औषधांच्या दुकानांसाठी बनवलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरला वस्तू घेतली आणि तीच वस्तू विकली एवढे कळते. एक माल आत गेला आणि दोन वेगळे माल बाहेर आले, हे त्याच्या आराखड्यातच नसते. मग विक्रेता म्हणतो, करून देऊ. ते होईपर्यंत हंगाम निम्मा सरतो, मुनीमजी शेजारी एक्सेलची वेगळी फाइल ठेवतात, आणि वर्षअखेरीस सॉफ्टवेअरचा साठा, एक्सेलचा साठा आणि गोदामातला साठा असे तीन आकडे समोर येतात.

कराचेही तसेच. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर त्यावरचा जीएसटी घेणाऱ्या व्यापाऱ्याने स्वतः भरायचा असतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा नियम आहे. जिनिंगवाल्यांना तो तोंडपाठ असतो, पण दूरच्या प्रोग्रॅमरला कापसाची ही खास तरतूद ठाऊक असेलच असे नाही. सेटिंगमध्ये एक खूण चुकली तर त्या दिवशी काहीच होत नाही. पावत्या निघत राहतात, विवरणपत्रे भरली जातात, आणि नोटीस येते दोन-तीन वर्षांनी, व्याजासकट.

म्हणून विक्रेत्याच्या लॅपटॉपवर दहा-बारा नोंदींवर दाखवलेल्या डेमोवर विश्वास ठेवू नये. गेल्या जानेवारीतला आपला सगळ्यात वाईट दिवस निवडावा. ज्या दिवशी गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली, दोन शेतकऱ्यांच्या नावांत घोळ झाला, एक गाडी ओलाव्यामुळे परत गेली, एकाला उचल दिली होती ती चुकाऱ्यातून कापायची राहिली, असा दिवस. त्या दिवसाच्या सगळ्या काटापट्ट्या विक्रेत्यासमोर ठेवून म्हणावे, या आमच्या माणसाच्या हाताने, आमच्या संगणकावर चढवून दाखवा, आणि मधेच नेट बंद करून दाखवा. रस्त्याच्या कामात केबल तुटून अर्धा दिवस नेट गेले तर काटा थांबणार की पावती निघत राहणार, हे तिथल्या तिथे कळते. एवढ्याला जो विक्रेता कंटाळतो, तो पुढे पौषात फोन उचलणार नाही.

आणखी एक गोष्ट जुनी माणसे आवर्जून सांगतात, ती सोळा आणे खरी आहे. हंगाम तोंडावर असताना हिशेबाची पद्धत बदलू नये. दसरा ते संक्रांत या काळात नवे सॉफ्टवेअर सुरू करणे म्हणजे चालत्या गाडीचे चाक बदलणे. एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू होते, काम मंदावलेले असते, जुनी आणि नवी पद्धत दोन महिने शेजारी-शेजारी चालवून आकडे ताडून पाहता येतात.

आपण न घेतलेले सॉफ्टवेअर

आज एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे बसलेला माणूस किती ठिकाणी तीच नोंद करतो ते पाहण्यासारखे आहे. खताची पिशवी विकताना पॉस यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा, बियाण्यांसाठी केंद्राचे साथी पोर्टल, आणि वर दुकानाचे स्वतःचे बिल. पॉसवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळला नाही तर कृषी विभागाची कारवाई होते, आणि ती परवान्यापर्यंत जाऊ शकते. हंगामाच्या गर्दीत आधी पिशव्या दिल्या आणि यंत्रावर नोंद रात्री केली, एवढ्याने तफावत पडते.

कापसाच्या बाजूलाही हेच आले. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवरची नोंदणी आवश्यक केली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये, आणि त्या भावापर्यंत जाण्याची वाट मोबाइलमधून होती.

ही सॉफ्टवेअर आपण विकत घेत नाही, त्यांना नाही म्हणता येत नाही. तरी त्यांचा धोका आपल्या खरेदीत येऊन मिसळतो. आपण घेत असलेले सॉफ्टवेअर या सरकारी प्रणालींशी बोलणार आहे का, आणि त्या बदलल्या की तेही बदलणार का, हे विचारलेच पाहिजे. कायदा तर सारखा बदलतो. ई-इनव्हॉइसची अट १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. ज्यांना वाटत होते की हे बड्या कंपन्यांचे प्रकरण आहे, अशा कितीतरी जिनिंग आणि अडती तीन वर्षांत तिच्या कक्षेत आल्या. २०२५ मध्ये जीएसटीच्या दरांची नवी रचना ३ सप्टेंबरला जाहीर झाली आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाली. देशभरच्या बिलिंग सॉफ्टवेअरना हाती आले ते जेमतेम अडीच-तीन आठवडे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा अमलात आला, म्हणजे टीडीएसची कलमे, नमुने, सगळे नव्याने. असा बदल आला की त्याचे पैसे कोण देणार? वार्षिक देखभालीच्या करारात, ज्याला आपण एएमसी म्हणतो, कायद्यातले बदल धरलेले आहेत की त्यांचे वेगळे बिल येणार? हे एक वाक्य करारात नसेल तर दरवर्षी वाद ठरलेला.

विक्रेता गेला तर

जिल्ह्याच्या ठिकाणी विक्रेते साधारण दोन प्रकारचे भेटतात. एक आपल्या ओळखीचा, गावातलाच किंवा अमरावती-नागपूरचा प्रोग्रॅमर. त्याला उतारा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दर कमी, फोन केला की संध्याकाळपर्यंत हजर. दुसरी मोठी कंपनी. तिचा प्रतिनिधी टाय लावून येतो, मदतीसाठी टोल फ्री क्रमांक असतो, आणि आपण तिच्या लाखो ग्राहकांपैकी एक असतो.

ओळखीच्या माणसाचा धोका असा की सगळा प्रोग्रॅम त्याच्या एकट्याच्या डोक्यात आणि एकट्याच्या लॅपटॉपवर असतो. त्याला पुण्यात किंवा हैदराबादला नोकरी लागते, आजारपण येते, भागीदाराशी बिनसते. त्यात त्याचा काही गुन्हा नसतो. पण डेटाबेसचा पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसला तर आपली पाच वर्षांची खतावणी आपल्याच संगणकात असूनही आपल्याला बंद. मोठी कंपनी अशी एका रात्रीत जात नाही, पण ती आवृत्ती बंद करते, दर वाढवते, एकरकमी विक्री थांबवून वार्षिक भाडे सुरू करते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबवली. हिशेबाचे सॉफ्टवेअर तेच राहिले तरी त्याच्या खालची जमीन अशी सरकते.

यात स्थानिक माणसाला झुकते माप द्यावे असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण जिल्ह्यातल्या पोरांनी जिल्ह्यातल्या धंद्यांसाठी केलेले काम टिकले पाहिजे. पण काही अटींवर. डेटाबेसचा पासवर्ड लेखी स्वरूपात मालकाच्या तिजोरीत हवा. प्रोग्रॅमची मूळ संहिता सीलबंद करून सीएकडे किंवा दोघांना मान्य अशा तिसऱ्या माणसाकडे ठेवावी, आणि विक्रेत्याने काम बंद केले तरच ती उघडावी. मोठ्या उद्योगांत याला एस्क्रो म्हणतात आणि त्याचे रीतसर करार होतात. छोट्या व्यवहारातही दोन पानांचा करार पुरतो. चांगला प्रोग्रॅमर याला हरकत घेत नाही.

बॅकअपविषयी थोडे खोलात जायला हवे, कारण इथे फसगत फार होते. रोज रात्री पेनड्राइव्हवर फाइल घेतली की निर्धास्त, असे आपण समजतो. पण ती फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच चालू परवान्यावरच उघडत असेल तर सॉफ्टवेअर सुटल्याच्या दिवशी तिचा उपयोग शून्य. खरेदीआधी विक्रेत्याला सांगावे, सगळी खातेदारांची यादी, सगळी कीर्द, खतावणी आणि साठा एक्सेलमध्ये उघडेल अशा स्वरूपात काढून द्या. ती फाइल आपल्या सीएच्या संगणकावर उघडून पाहावी आणि तेरीज जुळते का ते तपासावे. हे फार महत्त्वाचे आहे, कारण जीएसटीचे दप्तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागते आणि कंपन्यांना हिशेबाची पुस्तके ८ वर्षे. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीचा माग ठेवण्याची अटही १ एप्रिल २०२३ पासून आहे. दोन वर्षांनी भाडे भरणे थांबवले आणि कंपनीने खाते बंद केले, तर उरलेल्या वर्षांचा हिशेब अधिकाऱ्यापुढे कुठून आणणार?

साखळीतली कडी

एवढी सगळी काळजी घेतली तरी एक धोका उरतो, तो आपल्या विक्रेत्याच्याही मागे उभा असतो.

जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नाव जगभर झाले. एम ई डॉक हे तिथल्या व्यवसायांत कर भरण्यासाठी सर्रास वापरले जाणारे सॉफ्टवेअर. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून नेहमीच्या अपडेटमध्येच घातक प्रोग्रॅम घातला. ग्राहकांनी विश्वासाने अपडेट घेतले आणि संगणक बंद पडत गेले. नॉटपेट्या नावाने ओळखला जाणारा हा हल्ला युक्रेनमध्ये कचेरी असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत पसरला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातले तिचे टर्मिनलही ठप्प झाले. कंटेनर उभे राहिले, नोंदी हाताने कराव्या लागल्या. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. युक्रेनच्या एका हिशेबी सॉफ्टवेअरचा नवी मुंबईच्या बंदराशी काय संबंध, असे कुणी आदल्या दिवशी विचारले असते तर उत्तर देता आले नसते.

पुढचे वर्ष पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. एटीएममधून पैसे मागितले की खात्यात शिल्लक आहे का हे विचारणारी यंत्रणा असते. हल्लेखोरांनी तिच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला होकार देत राहिली. २८ देशांतल्या एटीएमवरून काही तासांत हजारो व्यवहार झाले, वर १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. शंभराहून अधिक वर्षे जुनी बँक, आणि तिच्या तिजोरीला हातसुद्धा लागला नव्हता.

सहकारी बँकांच्या दृष्टीने त्याहून बोलके प्रकरण जुलै २०२४ चे. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी देशभरातल्या छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांची संगणक यंत्रणा सांभाळते. तिच्यावर खंडणीखोर प्रोग्रॅमचा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून ३१ जुलैला तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि सुमारे ३०० बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम असे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. पुढे सायबर सुरक्षा संशोधकांच्या विश्लेषणात आले की हल्ल्याची वाट सी-एजलाही सेवा देणाऱ्या आणखी एका कंपनीच्या, नीट बंदोबस्त न केलेल्या सर्व्हरमधून गेली होती. गावातला खातेदार, त्याची बँक, बँकेला सेवा देणारी कंपनी आणि त्या कंपनीला सेवा देणारी कंपनी. चौथ्या कडीतल्या हलगर्जीपणाचा फटका पहिल्या कडीतल्या माणसाला बसला.

अशा वेळी दुकानदाराने काय करायचे? आपल्या विक्रेत्याचा सर्व्हर कुठे आहे, तो कुणाकडून भाड्याने घेतला आहे, आणि तो बंद पडला तर किती तासांत काम सुरू होईल, हे लेखी विचारावे. दूरवरून आपल्या संगणकात शिरून दुरुस्ती करण्याची परवानगी कायमची चालू ठेवू नये. काम झाले की बंद. प्रत्येक माणसाला स्वतःचे लॉगिन द्यावे. मुनीमजी, काट्यावरचा पोरगा आणि मालकाचा भाचा असे तिघे ‘अ‍ॅडमिन’ या एकाच नावाने काम करत असतील तर कोणती नोंद कुणी केली हे कधीच सांगता येणार नाही. आणि फुकटात मिळालेली ‘क्रॅक’ प्रत हिशेबाच्या संगणकावर कधीही चढवू नये. कुलूप फोडून आणलेल्या सॉफ्टवेअरला अधिकृत दुरुस्ती मिळत नाही आणि ते फोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले आहे हे कळायला मार्ग नाही.

तेरीज जुळली नाही तर कुणाचा गळा

सॉफ्टवेअर चुकले तर दोष कुणावर येतो, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो.

ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. फुजित्सु कंपनीने बनवलेली. शाखा चालवणाऱ्या साध्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत राहिले की पैसे आम्ही घेतले नाहीत. पण संगणकाचा आकडा खरा आणि माणूस खोटा, असेच धरले गेले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत खरोखर दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे वाचताना मला आपल्या जिल्ह्यातले गटसचिव आठवतात. विविध कार्यकारी सोसायट्यांचे दप्तर त्यांच्या हाती, आणि एकेकाकडे अनेक गावांच्या सोसायट्या. २९ जून २०२२ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींच्या खर्चासह मंजुरी दिली. नाबार्डमार्फत सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, आणि महाराष्ट्रातल्या १२ हजार संस्था त्यात आहेत. योजना चांगली आहे. प्रत्येक सोसायटीने आपापला विक्रेता शोधत बसण्यापेक्षा एक समान प्रणाली केव्हाही बरी.

धोका आहे तो जुने दप्तर नव्यात चढवताना. विदर्भातल्या सोसायट्यांना ‘अनिष्ट तफावत’ हा शब्द नवा नाही. सोसायटीचे जिल्हा बँकेला देणे जास्त आणि सभासदांकडून सोसायटीचे येणे कमी. त्यामागे वर्षानुवर्षांची थकबाकी, माफीच्या रकमा, व्याजाची वेगवेगळी गणिते असे सगळे साचलेले असते. कागदी खतावणीत ते पानापानांवर विखुरलेले राहते. संगणक मात्र दोन्ही बाजू जुळल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग तफावत कुठल्याशा सस्पेन्स खात्यात टाकून तेरीज जुळवली जाते, आणि पुढच्या लेखापरीक्षकाला दिसते ते एवढेच की अमुक तारखेला अमुक लॉगिनने एवढी रक्कम तिथे टाकली. लॉगिन गटसचिवाचे. म्हणून जुनी बाकी चढवण्याआधी प्रत्येक सभासदाला त्याची येणेबाकी वाचून दाखवून सही घेणे, आणि तफावतीचा स्वतंत्र कागद संचालक मंडळाच्या ठरावासह जोडणे, ही दगदग वाटली तरी टाळू नये.

डेटा घाईने चढवला की काय होते ते आपण २०१७ च्या कर्जमाफीत पाहिले आहे. बँकांकडून प्रत्येक कर्जदाराची माहिती ६६ रकान्यांत मागवली गेली. १८ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली आणि काही दिवसांतच एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी अशा विसंगती समोर येऊन याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. कर्जाच्या ओझ्याखाली ज्या जिल्ह्यात इतकी घरे उद्ध्वस्त झाली तिथे यादीतली एक चुकलेली ओळ म्हणजे एका कुटुंबाची आणखी काही महिन्यांची घालमेल होती.

दाद कुठे मागायची

पैसे दिले, सॉफ्टवेअर चालले नाही, तर ग्राहक आयोगात जाऊ, असे अनेकांना वाटते. तिथे सावध राहिले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार व्यापारी कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. अपवाद आहे तो स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉली मेडिक्युअर विरुद्ध ब्रिलिओ टेक्नॉलॉजीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. कंपनीने आपल्या आयात-निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामासाठी सॉफ्टवेअरचा परवाना घेतला होता. तो नफ्याशी जोडलेला व्यवहार आहे, म्हणून घेणारी कंपनी ग्राहक ठरत नाही, असा निकाल लागला. म्हणजे एकट्याने छोटे दुकान चालवणारा कदाचित यवतमाळच्या जिल्हा आयोगाची पायरी चढू शकेल. जिनिंगला मात्र दिवाणी न्यायालय किंवा करारात लिहिलेला लवाद एवढेच उरते.

आणि करारात काय लिहिलेले असते? नुकसान कितीही झाले तरी विक्रेत्याची जबाबदारी भरलेल्या शुल्कापुरती, आणि वाद झाल्यास बेंगळुरू, मुंबई किंवा दिल्लीचे न्यायालय. बारीक अक्षरांत, शेवटच्या पानावर. वीस हजार रुपयांच्या वादासाठी वणीचा व्यापारी बेंगळुरूला तारखा करील का? दुसऱ्या बाजूने, विक्रेत्याशी नव्हे तर गिऱ्हाइकाशी वाद झाला आणि संगणकातली खतावणी पुरावा म्हणून द्यायची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. संगणक कुणाच्या ताब्यात होता, नोंदी नियमित होत होत्या का, हे त्यात सांगायचे असते. स्वतःच्या डेटावर ज्याचा ताबा नाही त्याने ते कसे सांगायचे?

शेतकऱ्यांचे आधार, पासबुक, सातबारा यांच्या प्रती आपल्या संगणकात साठत जातात, त्यांचीही जबाबदारी आता येत आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती विक्रेत्याच्या सर्व्हरवर असली तरी ती गोळा करणारा जबाबदारीतून सुटत नाही. नको असलेल्या प्रती आताच काढून टाकाव्यात.

एकट्या दुकानदाराने किंवा एका जिनिंगने मोठ्या कंपनीला करारातले कलम बदलायला लावणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथल्या जिनिंगवाल्यांनी, अडत्यांनी आणि कृषी सेवा केंद्रांच्या संघटनांनी मिळून एक मराठी करारनामा तयार केला तर? त्यात चार गोष्टी ठळक हव्यात. डेटा मालकाचा, आणि मागेल तेव्हा एक्सेलमध्ये मिळेल. करार संपल्यावरही जुना हिशेब वाचायला मिळेल. कायद्यातले बदल एएमसीत धरलेले असतील. आणि वाद यवतमाळच्या न्यायालयात चालेल. जिल्ह्यातल्या सीएंनी आणि वकिलांनी बसून हे काम येत्या उन्हाळ्याआधी उरकावे, म्हणजे १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होताना ज्यांना सॉफ्टवेअर बदलायचे आहे त्यांच्या हाती तो कागद असेल. तोवर प्रत्येकाने निदान या दिवाळीत आपल्या विक्रेत्याला फोन करून आपली गेल्या वर्षाची खतावणी एक्सेलमध्ये मागावी. ती किती दिवसांत येते ते पाहावे, आणि आलीच नाही तर पुढच्या एएमसीचा धनादेश लिहू नये.